आई-वडिलांना हॉटेलातील स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचे आहे : काय मागवावे, काय विचारून घ्यावे?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. पुढील महिन्यात माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त त्यांना मुंबईतील एका पंचतारांकित हॉटेलातील स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यावे, असे मी आणि माझ्या बहिणीने ठरवत आणले आहे. वडील मासे आणि कोंबडी खातात. आई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. निवड स्पॅनिशच का, तर पाककृतींचे कार्यक्रम पाहताना आईने पाएया (केशर घालून रुंद, उथळ भांड्यात शिजवलेला स्पॅनिश भात) एकदा खाऊन पाहण्याची इच्छा स्वतःहून बोलून दाखवली होती आणि ती सहसा स्वतःसाठी काही मागत नाही.

मेन्यू पाहिला तेव्हा काही शंका मनात आल्या. बहुतेक पदार्थ छोट्या बशांमध्ये येतात असे दिसते, परंतु चौघांना किती बशा लागतील याचा अंदाज येत नाही. आईला खरोखर पोटभर आणि चांगले जेवण मिळेल, की ती पाव आणि बटाट्यांवर बसून राहील? शेफने ठरवलेले अनेक पदार्थांचे जेवण घ्यावे, की एकेक पदार्थ निवडून मागवावा? शिवाय अशा ठिकाणी रेस्टॉरंट हॉटेलात आहे म्हणून केवळ थाटाचे पैसे मोजावे लागतात, असे एका स्नेह्यांचे मत पडले. ज्यांनी असे जेवण घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाककला_शिक्षिका

मी हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना युरोपीय स्वयंपाक शिकवते, त्यामुळे आपल्या आईंच्या जेवणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या बेतात सर्वांत जास्त काळजी तिथेच घ्यावी लागणार आहे.

स्पॅनिश स्वयंपाकात भाज्या, कडधान्ये, बदाम आणि ऑलिव्ह तेल यांची रेलचेल आहे, परंतु मांसाचा अंश अनेकदा डोळ्यांना दिसणार नाही अशा रीतीने पदार्थात उतरलेला असतो. कोर्दोबाकडचे साल्मोरेहो हे टोमॅटोचे दाट थंड सूप घ्या. ते पूर्णपणे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेलाचे असते, पण वाढताना त्यावर उकडलेले अंडे आणि हामोन, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरण्याची पद्धत आहे. मशरूमचे क्रोकेतास (दाट पांढऱ्या सॉसचे तळलेले गोळे) शाकाहारी वाटतात, तरी ते तळण्यापूर्वी अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवलेले असतात. तिखट सॉस घातलेले बटाटे, म्हणजे पातातास ब्राव्हास, काही स्वयंपाकघरांत मांसाच्या स्टॉकवर, म्हणजे मांस-हाडे उकळून काढलेल्या पाण्यावर, केलेल्या सॉससह येतात, आणि त्यांच्याबरोबरच्या लसणाच्या पांढऱ्या सॉसमध्ये बहुधा अंडे असते. ज्या तेलात कोलंबी किंवा माकूळ तळले त्याच तेलात हे बटाटे तळले जातात का, हेही स्पष्ट विचारावे.

पाएयाबाबत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा आहे की भात कोणत्या रश्श्यात शिजवला जातो. वर फक्त भाज्या मांडल्या आणि भात मात्र माशांच्या किंवा कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवला, असे होऊ शकते. चांगले स्वयंपाकघर भाज्यांचा स्टॉक वेगळा करते, परंतु त्यासाठी आदल्या दिवशी कळवणे हिताचे असते. चीजबद्दलही विचारा. ला मान्चा प्रांतातील मेंढीच्या दुधाचे मान्चेगो हे प्रसिद्ध चीज परंपरेने जनावराच्या पोटातील रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरून विरजले जाते. याउलट एक्स्त्रेमादुराकडचे तोर्ता देल कासार रानटी काटेरी झाडाच्या फुलांचे तुरे भिजवून काढलेल्या अर्काने विरजतात. ते मेन्यूवर असेल तर आईंनी ते निःशंकपणे खावे.

आता त्यांना जे नक्की मागवता येईल ते सांगते. आहो ब्लांको हे आंदालुसियातील बदाम, लसूण आणि पावाचे पांढरेशुभ्र थंड सूप द्राक्षे घालून वाढतात. नाशिकच्या माणसाने ते चाखल्याशिवाय उठू नये असे मला मनापासून वाटते. कातालोनियातील एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजून सोललेली वांगी आणि ढोबळी मिरची, वरून ऑलिव्ह तेल. ते आपल्या भरताच्या अगदी जवळचे आहे, फक्त फोडणीचा खमंगपणा नाही आणि वांग्याचे लांब पट्टे तसेच ठेवलेले असतात. कधी त्यावर खारवलेली अँचोव्ही मासळी ठेवतात, ती नको म्हणून सांगावे. सेव्हियाकडची पालक-छोले ही जिऱ्याच्या वासाची भाजी वडिलांनाही आवडेल. गोडात कातालान क्रीम आणि फ्लान या दोन्ही कस्टर्डसारख्या पदार्थांत अंडे असते. त्यामुळे दालचिनी व लिंबाची साल घातलेली दूध-भाताची खीर, किंवा चॉकलेटबरोबर चुर्रोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) निवडावेत. मूळ चुर्रोस केवळ मैदा, पाणी आणि मिठाचे असतात, तरी काही हॉटेलांत त्यात अंडे घालतात, म्हणून विचारणे बरे.

आपल्या स्नेह्यांच्या मताशी मात्र मी सहमत नाही. बार्सिलोनातील लासार्ते हे मोन्युमेंट हॉटेलात आहे आणि त्याला मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शक पुस्तकाचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मानांकन, आहे. सान सेबास्तियानजवळचे आकेलारे हेही तीन ताऱ्यांचे असून तेथे स्वतःचे हॉटेल आहे. स्पेनमध्ये हॉटेलातील जेवण म्हणजे दुय्यम जेवण, अशी समजूत आज टिकणार नाही.

कॉलेज_रोड

मी शेफने ठरवलेल्या जेवणाच्या बाजूने आहे. एकेक पदार्थ निवडताना आपण ओळखीच्याच पदार्थांकडे वळतो आणि स्वयंपाकघराची खरी ताकद आपल्या ताटात येत नाही. अशा जेवणात पदार्थांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो: हलके व थंड आधी, तळलेले नंतर, मग मासे, मग भात किंवा मांस. शाकाहारी जेवणाचा वेगळा क्रमही बरीच हॉटेले देतात. विशेष प्रसंग असल्याने एकदा शेफवर सोपवून पाहावे, असे मला वाटते.

सातपूरकर

वरील मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. मुंबईतीलच एका मोठ्या हॉटेलात (नाव देत नाही) आम्ही कुटुंबासह ठरवलेले जेवण घेतले होते. मांसाहारी क्रम उत्तम होता. शाकाहारी क्रम मात्र मांसाहारी पदार्थांतून मांस वगळून तयार केल्यासारखा होता. पाएया म्हणून जो भात आला तो पिवळा होता, पण त्याला केशराचा वास नव्हता, ढोबळी मिरची व मटार घातलेले होते आणि तो खोल भांड्यातून वाढला गेला. माझ्या सासूबाई त्या जेवणात काही बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागले.

पाएया ओळखायचा कसा, हे त्यानंतर मी आवर्जून वाचले आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी पडताळूनही पाहिले. भांडे रुंद आणि उथळ असते, भाताचा थर पातळ असतो आणि तांदूळ घातल्यावर तो ढवळत नाहीत, जेणेकरून तळाशी खरपूस खरवड धरते. खरा जाणकार आधी तिच्याकडेच वळतो. व्हॅलेन्सियाकडचा बोंबा हा आखूड दाण्याचा तांदूळ भरपूर रस्सा शोषूनही फुटत नाही. केशराची किंमतही उगाच लावलेली नसते, कारण एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुलांचे तंतू हाताने खुडावे लागतात. चांगल्या ठिकाणी पाएया किमान दोघांसाठीच करतात आणि त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून बसल्याबरोबर आधी पाएयाची ऑर्डर द्यावी आणि तो शिजेपर्यंत छोट्या बशांचा आस्वाद घ्यावा. चौघांना सुरुवातीला पाच-सहा बशा आणि मग दोन पाएया (एक भाज्यांचा, एक वडिलांसाठी) पुरेसे होतात. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात कोंबडीबरोबर सशाचे मांस असते आणि समुद्री जीव नसतात, तेव्हा वडिलांना कोलंबी-शिंपल्यांचा हवा असेल तर तसा निराळा मागवावा.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: शक्य असेल तर दुपारी जा. स्पेनमध्ये दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास होते आणि व्हॅलेन्सियात पाएया हा दुपारचाच, त्यातही रविवारी कुटुंबाने एकत्र बसून खाण्याचा पदार्थ आहे. रात्रीचे जेवण तिकडे नऊ-दहाला सुरू होते आणि ते तुलनेने हलके असते. वयस्कर माणसांना रात्री उशिरा एवढा भात देऊन मग कसारा घाट चढून घरी आणणे मला योग्य वाटत नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन दुपारी निवांत जेवून संध्याकाळी त्याच गाडीने परतता येते. स्वतःच्या मोटारीने जायचे असेल तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ पासून खुला आहे. मात्र हॉटेलातील अशी काही रेस्टॉरंटे केवळ रात्रीच उघडी असतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी.

दिंडोरीचा_बागायतदार

आमच्या घरात वाइनची द्राक्षे पिकतात, म्हणून पेयांबद्दल दोन शब्द लिहितो. आपले आई-वडील घेत नसतील तर हा भाग सोडून द्यावा.

स्पॅनिश छोट्या बशांबरोबर सर्वांत शोभणारे पेय म्हणजे दक्षिण स्पेनमधील हेरेस परिसरातील फिनो शेरी ही वरून मद्यार्क घालून तयार केलेली वाइन. ती कोरडी, फिकट रंगाची आणि सुमारे १५ टक्के मद्यांशाची असते. ऑलिव्ह, खारे बदाम आणि तळलेल्या मासळीबरोबर ती फार चांगली लागते, पण ती थंडगारच हवी आणि बाटली नुकतीच उघडलेली हवी. उघडून बरेच दिवस ठेवलेल्या फिनोची चव उतरते. हॉटेलात शेरीला मागणी कमी असते, म्हणून बाटली केव्हा उघडली हे विचारण्यात संकोच करू नये. रिओहा या उत्तर स्पेनमधील प्रदेशाची रेड वाइन मागवणार असाल तर लेबलवरील शब्द पाहावा. क्रिआंसा म्हणजे किमान दोन वर्षे मुरवलेली आणि त्यातील किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे किमान तीन वर्षे. टोमॅटो, केशर आणि लसणाच्या जेवणाला क्रिआंसा पुरेशी होते, अधिक महागड्या बाटलीची गरज नाही.

कातालोनियातील कावा ही फसफसणारी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार करतात. हीच पद्धत आपल्या नाशिकमध्येही वापरली जाते. सुला, यॉर्क आणि दिंडोरीतील शांदों यांच्या स्पार्कलिंग वाइन याच पद्धतीच्या आहेत. आपल्याकडे द्राक्षतोड जानेवारी ते मार्चमध्ये होते, तर रिओहात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हवामान आणि हंगाम इतके वेगळे असूनही आपली स्पार्कलिंग वाइन या जेवणाबरोबर उत्तम जुळते, असे मी ठामपणे सांगू शकतो. आयात शुल्कामुळे परदेशी बाटलीची किंमत फुगते, तेव्हा हॉटेलच्या यादीत नाशिकची बाटली असल्यास तीच मागवावी. जिथे जेवायला जातो तिथे आपल्या मातीतील वाइन कोणी मागितली की तिथल्या वाइन सांभाळणाऱ्यालाही तिची दखल घ्यावी लागते.

गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे वाचून आम्ही दुपारच्या जेवणाचा आणि एकेक पदार्थ निवडून मागवण्याचा निर्णय घेतला आहे. आज रेस्टॉरंटला फोन केला. रविवारी दुपारी ते उघडे असते. भाज्यांच्या स्टॉकबद्दल विचारल्यावर त्यांनी थेट शेफशी बोलणे करून दिले आणि आहो ब्लांको मेन्यूवर नसले तरी आधी सांगितल्यास करून देऊ, असे शेफनी स्वतः सांगितले. तळणीच्या वेगळ्या तेलाबद्दल मात्र त्यांनी प्रामाणिकपणे नकार दिला, त्यामुळे आईसाठी तळलेले पदार्थ आणि चुर्रोस आम्ही वगळू. बिलाबद्दल एक शंका उरली आहे: मेन्यूवरील किमतीवर आणखी किती रक्कम धरून चालावे?

पाककला_शिक्षिका

शेफ फोनवर आले आणि जे जमणार नाही ते त्यांनी स्पष्ट सांगितले, ही फार आश्वासक गोष्ट आहे. अशा स्वयंपाकघरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ज्या हॉटेलात खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर असते, तेथील रेस्टॉरंटमध्ये खाद्यपदार्थांवर १८ टक्के जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटप्रमाणे ५ टक्के नाही. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. सेवाशुल्क ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तरीही बिलात ते दिसल्यास आपण शांतपणे काढून टाकण्यास सांगू शकता आणि सेवा मनापासून आवडली असेल तर वाढणाऱ्याच्या हाती स्वतंत्रपणे बक्षिसी देऊ शकता. जेवताना वडिलांसमोर किंमत नसलेला मेन्यू ठेवावा, अशी विनंती आरक्षण करतानाच करून ठेवा. मोठ्या हॉटेलांत यजमानाखेरीज इतरांना तसा मेन्यू देण्याची जुनी पद्धत आहे आणि मागितल्यास ती सोय बहुधा होते.