राहिलेलं इन्कम टॅक्स रिटर्न कसं भरायचं? (अनुभव धागा)

धागाकर्ती: ज्यांनी मागच्या वर्षांची रिटर्न्स भरली आहेत किंवा इतरांची भरून देतात, त्यांनी नेमकं लिहा. ‘चांगला सीए गाठा’ एवढाच सल्ला असेल तर तो गृहीत धरलेला आहे.

खतावणी: कलम नंतर बघा, आधी सरकारकडून घेणं (रिफंड) आहे की देणं (बाकी कर) ते बघा. आयकर खात्याच्या पोर्टलवरून त्या वर्षाचं २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (वर्षभरातल्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) उतरवून घ्या. जुन्या कंपनीने फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) दिला नाही तरी अडत नाही, पगार आणि त्यातून कापलेला कर (टीडीएस) २६एएसमध्ये दिसतो. भत्ते आणि वजावटी मात्र त्यात नसतात, त्यासाठी पगारपावत्या शोधा.

आकारणी वर्षाच्या (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) ३१ डिसेंबरपर्यंत कलम १३९(४) खाली बिलेटेड (उशिराचं) रिटर्न जातं, आणि रिफंडही मिळतो. लेट फी ५,०००, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. ती तारीख गेली की वाटा फुटतात: देणं असेल तर आयटीआर-यू (जादा कर भरून द्यायचं अपडेटेड रिटर्न), घेणं असेल तर विलंबमाफीचा अर्ज. नोटीस आलेली असेल तर प्रकरण वेगळं, तिथे सीए हवाच.

हिशोबनीस_ठाणे: बिलेटेडमध्ये पगारदारांना बसणारा मोठा फटका लेट फीचा नाही. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि जुनी निवडायची तर मूळ मुदतीतच रिटर्न भरावं लागतं. म्हणजे ८०सी (पीएफ, विमा अशा बचतीची वजावट), घरभाडं, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, सगळं गेलं. फॉर्म १६ जुन्या प्रणालीने बनलेला असेल तर कंपनीने पूर्ण टीडीएस कापूनही देणं निघू शकतं. शेअर्समधला तोटाही पुढे ओढता येत नाही.

चलनवाला: ई-पे टॅक्सवर (पोर्टलवरची कर भरायची सोय) सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा होतो. आर्थिक वर्ष २०२२-२३ म्हणजे आकारणी वर्ष २०२३-२४. प्रकार ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, कोड ३००. पावतीवरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये तसेच्या तसे उतरवा. वर्ष चुकलंच तर पोर्टलवर चलन दुरुस्तीची विनंती टाकता येते, पैसे बुडत नाहीत. पण ती मंजूर होईपर्यंत रिटर्न लटकतं.

खतावणी: आयटीआर-यूचा खर्च आधी कागदावर मांडा, नाहीतर पोर्टलवरचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. १ एप्रिल २०२५ पासून मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने झाली आहे. जादा कर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, मग ५०, ६०, ७०.

समजा आकारणी वर्ष २०२३-२४ साठी टीडीएस वजा जाता २०,००० बाकी आहेत, आगाऊ कर शून्य आणि रिटर्न जून २०२६ मध्ये भरतोय. कलम २३४ए (उशिरा रिटर्नचं व्याज) खाली ऑगस्ट २०२३ पासून ३५ महिने, महिना १ टक्का: ७,०००. २३४बी (आगाऊ कर न भरल्याचं व्याज) एप्रिल २०२३ पासून ३९ महिने: ७,८००. २३४सी (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं व्याज): १,०१०. मुद्दलासह बेरीज ३५,८१०. त्यावर ६० टक्के म्हणजे २१,४८६. वर लेट फी ५,०००. एकूण ६२,२९६, म्हणजे मुद्दलाच्या तिप्पट. महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात, म्हणून पुढच्या महिन्याच्या १ तारखेऐवजी आदल्या ३० तारखेलाच भरा.

फॉर्म त्याच वर्षाचा लागतो आणि कर आधी भरावा लागतो. तोटा दाखवायला किंवा रिफंड मागायला आयटीआर-यू चालत नाही. एका वर्षासाठी एकदाच भरता येतो.

मस्कतकर: अनिवासींसाठी. एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) ठेवीच्या व्याजावर सरसकट ३० टक्के अधिक सेस टीडीएस कापला जातो, त्यामुळे बहुतेकांचं घेणंच असतं. ३१ डिसेंबर चुकवू नका. आयटीआर-१ चालत नाही, फक्त व्याज असलं तरी आयटीआर-२. ८७एची (कमी उत्पन्नवाल्यांची) करसूटही धरू नका.

रिटर्नच्या पडताळणीचा आधार ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. ते बंद असेल तर नेटबँकिंगमधून पडताळणी करा, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नचा पडताळणी फॉर्म) बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याचं प्रक्रिया केंद्र) स्पीड पोस्टने पाठवावा लागतो, आणि तो तिथे पोचल्याची तारीख धरतात. ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख. डिसेंबरमधलं रिटर्न असं फेब्रुवारीत जाऊन पडतं.

हिशोबनीस_ठाणे: विलंबमाफीचा अर्ज कलम ११९(२)(बी) खाली, पोर्टलवरच सेवांमध्ये ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करायचा. १ कोटीपर्यंतचा दावा प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या पातळीवर निकाली निघतो. ‘कामात होतो’ हे कारण टिकत नाही. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला असं तारखेशी जुळणारं काहीतरी जोडा. आदेश आला की त्याचा क्रमांक आणि तारीख टाकूनच रिटर्न भरता येतं. उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही.

चलनवाला: आणि रिफंडचं बँक खातं पोर्टलवर आधी प्री-व्हॅलिडेट करा (तपासून पक्कं करून घ्या). देना, विजया, सिंडिकेट अशा विलीन झालेल्या बँकांचे जुने आयएफएससी तिथे अजून पडून असतात, आणि रिफंड त्यावर आदळून परत जातो. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर तो निघतच नाही.