मदत हवी आहे: उंदरांचा डिमांड कर्व्ह आणि शून्याचा घोळ

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला उंदरांवरच्या कोकेनच्या प्रयोगांचा विषय घेतलाय आणि अडकलेय. पिंजऱ्यातला लिव्हर (दांडा) एकदा दाबला की कोकेनचा एक डोस, मग तीनदा, दहादा असा ‘भाव’ वाढवत नेतात आणि उंदीर किती घेतो ते मोजतात, भाव आणि खपाचा तो आलेख म्हणजे डिमांड कर्व्ह, इथवर कळलं. आई तर फोडणी घालता घालता म्हणाली, हापूस महागला की आपण पेटी आणत नाही, मीठ मात्र आणतोच, तसंच ना? झालं, इलास्टिसिटी (भाव वाढला की खप किती घटतो ते) एका वाक्यात संपली.

घोळ पुढेच आहे. हर्श आणि सिल्बरबर्ग या संशोधकांच्या 2008 च्या डिमांड कर्व्हच्या समीकरणात खपाचा लॉग घेतात, आणि अल्फा (भावासोबत खप किती झपाट्याने पडतो तो आकडा) जितका कमी तितकी ओढ जास्त, पण भाव फार वाढला की उंदीर दाबायचंच सोडतो, म्हणजे खप शून्य, आणि शून्याचा लॉग आणू कुठून? ते आकडे गाळायचे की 0.1 वगैरे टाकायचं? काल डोंबिवली फास्टमध्ये उभ्याउभ्या फोनवर करून बघितलं, 0.1 ऐवजी 0.01 टाकलं की अल्फा हलतोच! आणि त्याच समीकरणातला के (खपाचा लॉगमधला पल्ला) सगळ्या उंदरांना एकच ठेवायचा ना?

शिवाय डोस बंद करून काही दिवसांनी नुसता दिवा लावला तरी काही उंदीर परत दाबायला लागतात, ते रिलॅप्स अल्फासोबत एकाच स्लाइडवर घेऊ का? गुरुवारी प्रेझेंटेशन आहे हो.