मदत हवी आहे: वॉशिंग्टन आडनाव कुठल्या गावचं?

नमस्कार मंडळी, इंग्रजी आडनावांतलं कळणारं कुणी आहे का इथे? ऑफिसात एकाचं आडनाव वॉशिंग्टन आहे, घराणं पहिल्यापासून इंग्लंडातलंच, त्याला मी सहज म्हटलं आमच्याकडे गावाला 'कर' लावला की आडनाव झालं, तुझं शोधून देतो, आणि आता गळ्यातच पडलंय.

आम्ही संडरलँडला असतो, त्यामुळे वॉशिंग्टन अगदी हाकेच्या अंतरावर, निसानचा कारखाना आहे ना, तिथेच. तिथला ओल्ड हॉल बघून आलो. घर बरंचसं १७व्या शतकातलं, पण स्वयंपाकघर आणि मोठ्या दालनाच्या मधल्या दगडी कमानी १२व्या शतकातल्या आहेत (बायको म्हणाली चल आता, मी आपला कमानीवर हात फिरवतोय). तर तिथे विल्यम द हर्टबर्न नावाचा सरदार होता, त्याने डरहॅमच्या बिशपला हर्टबर्न गाव देऊन वॉशिंग्टन घेतलं, ११८३च्या बोल्डन बुकात (बिशपच्या जमिनींची नोंदवही) तशी नोंदच आहे, आणि घराणं वॉशिंग्टन झालं. जॉर्ज वॉशिंग्टन याच घराण्यातला, त्याचा पणजोबा व्हर्जिनियाला गेला.

आता घोळ असा की वेस्ट ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे!! दुसरं म्हणजे सरदाराने आपल्या गावाचं नाव लावलं ते ठीक, पण साध्या माणसाला ते गाव सोडल्यावरच चिकटणार ना, चिपळुणात बसलेल्याला चिपळूणकर कोण कशाला म्हणेल? मग हा विल्यमचा वंशज की तिथून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या कुठल्या कुळाचा, आणि मुळात कुठल्या वॉशिंग्टनचा, कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
आडनावावरून खाली येऊ नका, त्याच्या बापापासून मागे जा. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७पासून आहे, १८५१च्या जनगणनेपासून माणूस कुठल्या गावी जन्मला तेही लिहिलेलं असतं. त्याच्या मागे चर्चची रजिस्टरं, ती १५३८पासून, पण सगळीकडची टिकलेली नाहीत. विल्यमपर्यंत पोचायचं जवळपास विसराच, जमीनजुमला असेल तरच कागद सापडतात. आणि नुसत्या आडनावावर रक्ताचं नातं ठरत नाही, अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टनने सावत्र वडिलांचं पहिलं नाव शाळेत आडनाव म्हणून लावलं होतं. आजोबा-पणजोबा कुठले ते विचारलंत का?

धागाकर्ता:
आभार! विचारलं, तो म्हणतो पणजोबा लँकशरचे. जॉर्जचे पूर्वजही मधे लँकशरला वॉर्टनमध्ये होते ना? त्याला हे आत्ताच सांगत नाही, नाहीतर उद्यापासून ऑफिसात राष्ट्राध्यक्षासारखा वागेल. आधी १८५१ बघतो.