मदत हवी आहे: ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर आणि कॅमेऱ्यातलं डबल एक्स्पोजर

नमस्कार मंडळी,

कॅमेऱ्यातच डबल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर दोन फोटो) करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. फोटोशॉपमध्ये दोन लेयर ठेवून हे जमतं, पण कृपया तो उपाय सुचवू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, पहिला फोटो दिसत असताना दुसऱ्याच्या रेषा त्याच्याशी जुळवत उभं राहायचं, मला सगळा रस त्यातच आहे.

जागा मुंबईचं ओव्हल मैदान. पूर्वेला १८७८ साली पूर्ण झालेला व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतला राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३०च्या दशकापासूनच्या आर्ट डेको इमारतींची रांग. युनेस्कोने २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं तेही या दोन्ही शैलींना मिळून. मैदानात नुसतं मागे वळलं की दुसरा काळ समोर येतो, आणि हे दोन काळ मला एका फ्रेममध्ये गुंफायचे आहेत. इमारत ओळखू आली नाही तरी चालेल. टॉवरच्या उभ्या कमानी आणि डेकोच्या आडव्या बाल्कन्या एकमेकींत विणलेल्या दिसायला हव्यात.

कॅमेरा कॅनन ५डी मार्क ३, लेन्स ७०-२००. ॲडिटिव्ह मोडवर (यात दोन्ही फोटोंचा उजेड एकत्र मिळवला जातो) दोन एक्स्पोजर, प्रत्येकी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडावर. सकाळी सूर्य टॉवरच्या मागे असतो, त्यामुळे टॉवर काळा पडतो आणि आकाश पांढरं फटक. मग बाल्कन्या फक्त त्या काळ्या आकारात उमटतात, आकाशात त्यांचा मागमूसही राहत नाही. दिसतं छान, पण कात्रण चिकटवल्यासारखं वाटतं. ॲव्हरेजवर सगळंच राखाडी होतं. डार्क मोडवर (यात दोन्हींतला जास्त गडद भाग राहतो) छज्ज्यांखालच्या सावल्यांच्या बारीक काळ्या रेघा आकाशावर फार सुरेख उतरल्या, पण टॉवरचं कोरीवकाम काळोखातच राहिलं.

दुपारनंतर टॉवरवर ऊन येतं, पण तेव्हा डेकोच्या दर्शनी भिंती सावलीत जातात. अडचण इथेच आहे.

या कॅमेऱ्यात कार्डावरची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) पहिलं एक्स्पोजर म्हणून निवडता येते. म्हणून विचार असा, की सकाळी बाल्कन्या टिपून ठेवायच्या आणि दुपारी त्यावर टॉवर घ्यायचा. असं कोणी केलं आहे का? सकाळचा फोटो एक स्टॉप कमी पुरेल, की क्रीम रंगाच्या भिंतींसाठी आणखी खाली जावं? आकाश पूर्ण टाळून फक्त दगड आणि भिंती घ्याव्यात का? आणि टॉवरचा कुर्ल्याचा पिवळसर दगड नि या भिंती एकाच रंगात मिसळून जात असतील, तर आधीच मोनोक्रोम लावून बघणं बरं का?

असे फोटो असतील तर मोड आणि सेटिंगसकट टाका. शनिवारी पुन्हा जाणार आहे. रविवारी क्रिकेटवाल्यांच्या गर्दीत ट्रायपॉड लावणं कठीणच.