गहू पिवळा पडतोय, मुळं काळी झालीत, ड्रेंचिंग करू का?

प्रश्न
गहू महिन्याचा झालाय. पाणी साचतं त्या खोलगट भागात चट्टे पडायला लागलेत, खालची पानं पिवळी, फुटवे कमी, झाड ओढलं की अलगद हातात येतं. युरिया दिला तरी हिरवा होईना. कोणी म्हणतं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग कर, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओत, कोणी म्हणतं ट्रायकोडर्मा सोड. दोन्ही मिसळून दिलं तर?

खुरपं
मिसळू नको भाऊ, ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, रोगाच्या बुरशीला मारणारी, कार्बेन्डाझिम आधी तिलाच मारेल. आणि ओढून बघू नको, ओढलं की सडलेला भाग मातीतच राहतो. खुरप्यानं मातीसकट काढ आणि बादलीत धुऊन बघ. मुळं कुरतडलेली आणि खोडाला माती चिकटलेली असेल तर वाळवी. नुसता मधला पोंगा वाळलाय आणि मुळं पांढरी आहेत तर खोडकिडा. मग बुरशीनाशक ओतून काय उपयोग?

काळी माती
मूळकूज असली तरी ती एकच बुरशी नसते. दाणा आणि झाडाचं बूड यामधला दांडा काळपट तपकिरी असेल तर बहुतेक बायपोलारिस, हिला खोल पेरणी फार मानवते कारण दांडा लांबतो, म्हणून पाच सेंमीच्या खाली बी जाऊ देऊ नका. बुडाशी तपकिरी, कांड्यांवर गुलाबी झाक आणि पुढे रिकाम्या पांढऱ्या ओंब्या हे फ्युजारियम, ते पाण्याचा ताण बसला की जोर करतं. तुमच्याकडे पाणी साचतंय म्हणजे हे जरा कमी संभवतं.

प्रश्नकर्ता
धुऊन बघितलं. बुडाशी पांढरी जाळी आहे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे चिकटलेत. आधी सोयाबीन होतं, काड रोटाव्हेटरनं तिथंच गाडलेलं.

काळी माती
मग स्क्लेरोशियम बुरशी आहे ही, ते दाणे तिचेच, अर्धवट कुजलेलं काड आणि पेरणीवेळची गरम ओली जमीन हेच तिला पाहिजे असतं. कार्बेन्डाझिम यावर फारसं चालत नाही, तो खर्च वाचवा. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा, वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत) आल्याशिवाय पुढचं पाणी नको, चट्ट्यातली झाडं मातीसकट उपटून शेताबाहेर न्या. थंडी वाढली की पसरणं मंदावतं. मेलेली मुळं काही परत येत नाहीत.

बांधावरचा
पुढच्या वर्षी हरभरा घ्या, फेरपालट होईल.

खुरपं
हरभरा नको रे! हीच बुरशी हरभऱ्याची मानकूज करते, म्हणजे खोड जमिनीलगत सडवते, भुईमुगालाही सोडत नाही. त्यापेक्षा ज्वारी मका बघ. उन्हाळ्यात खोल नांगरट कर, ते बुरशीचे दाणे खोल गाडले गेले की बरेच उगवत नाहीत. गहू परत घेतलास तर बियाण्याला कार्बोक्सिन + थायरम हे बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम लाव, आणि ट्रायकोडर्मा वेगळा, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीतून दे. आत्ता युरिया मात्र थांबव, मूळच नाही तर उचलणार कोण.