अनुभव सांगा: "तुझ्यासाठी प्रार्थना करते हं" म्हणणाऱ्यांपासून कसे वाचलात?

कोपरखैरणेवाली
काल ठाण्याला दहा नंबरवर वाशी गाडीची वाट बघत होते. मागून आवाज आला, "बाळा, तुझ्याविषयी फार ओझं आहे गं मला." पोटात गोळाच आला. वळून पाहिलं तर भलतीच कुणी बाई.

बारा वर्षांपूर्वी आमच्या शुक्रवारच्या प्रार्थना सभेत एक काकू होत्या. माझा हात दोन्ही हातांत धरायच्या आणि मी बोलेपर्यंत अंगठ्याने मनगट दाबत राहायच्या. मग सगळं लाल वहीत, 'प्रार्थना विषय' म्हणून. ह्यांची नोकरी गेल्याचं फक्त त्यांना सांगितलं होतं, आईलाही नाही. रविवारी उपासना सुटल्यावर तिघींनी विचारलं, घरात तांदूळ आहेत ना? वही मंडळीभर फिरत होती, डोळे मिटून.

त्या वाईट होत्या असं आजही तोंडातून निघत नाही. माझ्या टायफॉइडमध्ये डबा त्यांनीच आणलेला. पण मी सभा सोडली, फोन उचलेना. ख्रिस्ती माणसाने असं तोडावं का, हे मात्र टोचतं. तुमचं सांगा.

कळवा_खाडी
आमच्याकडे एक बंधू. 35000 घेतले. मागितले की म्हणायचे, या, आधी गुडघे टेकू. दोनदा टेकले. तिसऱ्यांदा मी उभाच राहिलो. आता प्रार्थनेनंतर कुणी खांद्यावर हात ठेवला की आधी पाकीट चाचपतो.

नेरूळ_पूर्व
दोनदा टेकले 😂 दादा तुम्ही पण ना

वसईची_लेक
नवरा मारायचा. सासू, कोयरमधल्या बायका, सगळ्यांचं एकच पालुपद, माफ कर, येशूने सांगितलंय, सत्तर वेळा सात. मी हिशेबाची बाई, 490 कधीच झाले होते. फादरांना सांगितलं तर म्हणाले, बायबलमधलं मत्तय 18 च ना? मग जरा वरचं वाच. आधी त्याला एकांतात सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना साक्षीला ने, तरी नाही तर मंडळीला कळव. सत्तर वेळा सात त्याच्यानंतर येतं. मी दोघांना नेलं, भाऊ आणि हवालदार. आता मुलाला घेऊन वर्तकनगरला असते. बाकी नंतर, दूधवाला आलाय

घणसोलीकर
दहा नंबरवर ती 7 ची पनवेल अजून लेटच असते का? ऑफिस बदलल्यापासून सुटली एकदाची

ऐरोली_सेक्टर_आठ
@घणसोलीकर लेट? परवा चक्क रद्द. जिन्यावर चेंगरलो.

निवृत्त_पाळक
जय ख्रिस्त, भगिनी. 1 शमुवेल 24 काढा. दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत त्याच्या हातात सापडला होता, दाविदाने झग्याचा काठ तेवढा कापला आणि सोडलं. शौल रडला, माझ्या मुला म्हणाला. सगळं गोड झालं. आता शेवटची ओळ बघा. शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांना घेऊन गडावर. त्याच्या मागे राजवाड्यात गेला नाही. दोनच अध्यायांनी शौल पुन्हा 3000 माणसं घेऊन त्याच्या शोधात. चाळीस वर्षं उपदेश केले, पण ती ओळ मला निवृत्तीनंतर दिसली. आणि माझ्याही मंडळीत अशी वही होती, मला ठाऊक होतं. तेव्हा बोलायला हवं होतं.

नेरूळ_पूर्व
आमच्या सत्संगात पण आहे हो अशी एक ताई. वही नाही, व्हॉट्सॲप ग्रुप.

कळवा_खाडी
@निवृत्त_पाळक साहेब, 35000 बद्दल शमुवेलात काही आहे का

कोपरखैरणेवाली
पाळकसाहेब, आत्ता कुकर लावून वाचलं. गडावर. खरंच की.
@वसईची_लेक दूधवाला गेला असेल तर लिहा हो.
आणि हो, काकूंकडून नाताळचा केक अजून येतो. मीही करंज्या पाठवते, मुलीबरोबर. तिला सांगून ठेवलंय, डबा दारातच दे आणि हात मागे ठेव.