करवंटीचा चांदी-मढवलेला पेला: बोली लावण्याआधी काय तपासावं?

ताम्हनपळी: इंग्लंडमधल्या एका लिलावात करवंटीचा पेला आहे. चांदीची कड, चांदीची बैठक, उंची १३ सेंमी. कॅटलॉगमध्ये 'तिसरा जॉर्ज, अंदाजे १७९०' (म्हणजे त्या राजाच्या काळातला), अपेक्षित किंमत ४०० ते ६०० पौंड. कडेवर चालता सिंह (चांदीचा कस तपासल्याची खूण) आणि कारागिराची आद्याक्षरं, एवढेच शिक्के, बैठक कोरी. मग वर्ष कशावरून ठरवलं? फोटो कुठले मागू?

कसोटीचा_दगड: वर्षाचं अक्षर, म्हणजे तपासणीचं वर्ष सांगणारा शिक्का, नसलं की काळ घाटावरून आणि कारागिराच्या शिक्क्यावरून ठरवतात, म्हणून 'अंदाजे'. त्या काळच्या लंडनच्या वस्तूवर पूर्ण शिक्के म्हणजे सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं डोकं, वर्षाचं अक्षर, आद्याक्षरं आणि डिसेंबर १७८४ पासून कर भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकं. नुसत्या सिंहावरून गावही कळत नाही. बर्मिंगहॅम आणि शेफील्डलाही १७७३ पासून तोच सिंह मारत.

तरी लहान पट्ट्यांवर अर्धेच शिक्के सर्रास सापडतात, तेवढ्यावरून नकली म्हणू नका. मला जास्त संशय येतो तो कड कोरी आणि बैठकीवर पाचही शिक्के ठसठशीत असले तर. दुसऱ्या भांड्यातला शिक्क्यांचा तुकडा कापून डाक देऊन (वितळत्या धातूने सांधून) बसवलेला असू शकतो. चांदीवर तोंडाची वाफ सोडली की डाकाची रेघ क्षणभर उठून दिसते. लिलावगृहाला हे करून बघायला सांगा, फोटोत नाही कळणार.

राळ_आणि_लाख: शिक्क्यांइतकंच करवंटीकडे बघा. हिवाळ्यात घरं गरम ठेवतात, हवा कोरडी होते, करवंटी आक्रसते. चांदीची कड मात्र तशीच राहते. मग करवंटी कडेपासून खाली उभी तडकते किंवा कड सैल होते. अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून फोटो मागा, आरपार तडा असेल तर उजेडाची रेघ दिसेल. मेणाने बुजवलेला तडा मात्र यातून निसटतो, म्हणून तिरप्या उजेडातलाही एक फोटो हवा. कड हलते का, हे लेखी विचारा.

ताम्हनपळी: आणि ५०० पौंडांना मिळाला तर हातात येईपर्यंत कितीला पडेल? घरी साफ कसा करू?

कसोटीचा_दगड: समजा खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के: १२५ पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट २५. झाले ६५०. ऑनलाइन बोलीचं शुल्क आणि पार्सलचा खर्च वेगळा. मोडीच्या भावाशी तुलना नको, चांदी पत्र्याइतकीच आहे.

राळ_आणि_लाख: बुडवून चकचकीत करायचं द्रावण अजिबात नको. ते कडेखाली शिरतं, तिथेच राहतं आणि आतून खातं. पाण्यातही बुडवू नका. चांदी मऊ सुती कापडाने पुसा, करवंटीला किंचित मायक्रोक्रिस्टलाइन मेण (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते). खोबरेल चोळायचा मोह होईल (आपल्याकडे होणारच!), पण ते चिकट होऊन धूळ धरतं. आणि उचलताना कडेला नाही, करवंटीच्या पोटाला धरा.